दाता नसलेलं अन्न

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या मंडळातल्या बहुतेकींच्या डोळ्यांपुढे बंदुका आणि सुसाट गाड्या येतात. पुस्तकाचं परीक्षण लिहावं, नाटकाचं लिहावं, सिनेमाचंही चालेल. पण पोरांच्या गेमचं कुणी परीक्षण लिहितं होय, असं मला दोघीतिघींनी विचारलं. मी म्हणते, का लिहू नये? आपली मुलं एखादी कादंबरी चार दिवसांत वाचून बाजूला ठेवतात आणि एकाच गेमपुढे चार-चार वर्षं बसतात. इतका वेळ जे डोळ्यांपुढे असतं ते काही ना काही शिकवतच असणार. ते काय शिकवतं, हे घरातल्या बाईनं बघायला नको का?

आमच्या घरी चालतो त्या गेमचं नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या अमेरिकन माणसाचं नाव त्यावर असतं. पहिला गेम १९९१ साली आला, सहावा २०१६ साली. मी बोलते आहे ती या सहाव्याबद्दल. इसवी सनापूर्वी ४००० या सालापासून खेळ सुरू होतो. तुमच्या हातात गाव वसवणाऱ्या माणसांचं एक पथक आणि एक लढवय्या, बस्स. नकाशा झाकलेला असतो. तुम्ही पावलं टाकाल तसा उघडत जातो. त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं आखलेली असतात. कुठं गवताळ जमीन, कुठं माळ, कुठं डोंगर, कुठं वाळवंट, कुठं बर्फ. यातल्या कुठल्या घरावर गाव वसवायचं हे आधी ठरवायचं. पुढची सहा हजार वर्षं त्या एका निर्णयावर उभी राहतात.

माझा धाकटा मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. सुट्टीला कॅम्पातल्या घरी आला की जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडतो. भांडी आवरून मी शेजारी खुर्ची घेऊन बसते. पहिले काही दिवस मला नुसते रंग दिसत होते. मग हळूहळू आकडे कळायला लागले आणि आकडे कळल्यावर मला त्यात गोडी वाटायला लागली, कारण हा सगळा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. डब्यात किती आहे, खाणारी तोंडं किती, आणि महिनाअखेर काय उरणार!

हिशेब असा. गावातला प्रत्येक माणूस दर खेळीला दोन अन्न खातो. गवताळ घर दोन अन्न देतं. माळाचं घर एक अन्न देतं आणि एक उत्पादन, म्हणजे बांधकामाला लागणारी शक्ती. वाळवंट आणि बर्फ काहीच देत नाहीत. गावाच्या मधल्या घरातून निदान दोन अन्न मिळतंच. खाऊन वर उरलं तर ते साठतं, आणि पुरेसं साठलं की गावात आणखी एक माणूस वाढतो. तुटवडा पडला तर साठा संपतो आणि मग एक माणूस कमी होतो.

आता गंमत बघा. चांदी कुठं सापडते? वाळवंटात, नाहीतर बर्फाजवळच्या गारठलेल्या पट्ट्यात. लोखंडही बऱ्याचदा उजाड डोंगरातच. एकदा अशीच एक जागा दाखवून मुलगा म्हणाला, “आई, ही बघ. दोन चांदी, एक लोखंड, मागं डोंगर. अशी जागा परत मिळायची नाही.”

मी विचारलं, “ते सगळं ठीक. पण तिथली माणसं खाणार काय रे?”

“तोच तर प्रश्न आहे की!” म्हणाला.

तो गेमपुरतं बोलत होता. पण या खेळाची खरी ताकद त्या उत्तरात आहे. त्या जागी गाव वसवलं की मधल्या घरातून दोन अन्न येतं. पहिला माणूस खाणीवर पाठवला तर तो दोन खातो आणि हाती उरतं शून्य. गाव एका माणसावर अडून बसतं. खाणीतून चांदी निघत राहते, पण दुसरं मूल जन्माला येत नाही. जमिनीत कितीही संपत्ती असो, पोट भरल्याशिवाय वस्ती वाढत नाही, ही गोष्ट मोठ्या मोठ्या योजना आखणाऱ्यांनाही कळायला वेळ लागतो. हा गेम ती बारा वर्षांच्या पोराला पहिल्या अर्ध्या तासात शिकवतो. त्याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. ज्या पडद्यावर ‘आधी जेवणाचं बघा’ असं ठणकावून सांगितलं जातं, त्याला नुसता पोरखेळ म्हणणं बरोबर नाही.

आणि हे काही कल्पनेतलं नाही. आपल्या घाटाखाली हे खरोखर घडून गेलं आहे.

पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची गोष्ट घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे या भागात जमिनीखाली लोखंड. १९५०च्या दशकात ते खणून मुरगाव बंदरातून जहाजांनी जपानकडे जाऊ लागलं. पण तांदूळ? गोव्याचा तांदूळ गोव्याला पुरत नव्हता. धान्य, भाजी, बटाटे वरून यायचे. वरून म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरून. मग गोवामुक्तीची चळवळ तापली. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. त्यानंतर भारत सरकारनं सीमा बंद केली आणि कॅसलरॉकवरून कुळ्याला उतरणारी रेल्वे थांबली. मग गोव्यातल्या लोकांनी काय खाल्लं? बटाटे हॉलंडहून आले. तांदूळ पाकिस्तानातून आला. चहा सिलोनचा. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगावचा बटाटा शेतात पडून, आणि पणजीच्या बाजारात समुद्रापलीकडचा बटाटा! त्याच काळात मुरगावातून लोखंडाची माती भरलेली जहाजं बाहेर पडतच होती. नाकेबंदी योग्य होती की नाही, हा वेगळा विषय. गोवा मुक्त व्हावा असंच इथल्या घराघरांत वाटत होतं. डिसेंबर १९६१मध्ये गोव्यात सैन्य उतरलं तेही बेळगावात जमून. मला इथं एवढंच सांगायचं आहे की मुलाच्या पडद्यावरचं ते चांदीचं उपाशी गाव आणि १९५५चा गोवा यांचं गणित एकच आहे.

इथवर गेमशी माझं पटतं. पुढं मात्र पटत नाही.

अशा उपाशी गावाला खेळाडू जगवतो कसा? व्यापारमार्ग काढून. नव्या गावातून एक व्यापारी निघतो, तुमच्याच जुन्या भरल्या गावाला जातो आणि त्याच्या येण्याजाण्यानं नव्या गावाला दर खेळीला थोडं थोडं अन्न मिळायला लागतं. अडलेलं गाव वाढायला लागतं, खाणीवर दुसरा माणूस जातो, तिसरा जातो. मुलगा खूश. मी त्या जुन्या गावाचा आकडा बघत होते. ज्या गावातून अन्न आलं, त्या गावाचं अन्न किती कमी झालं?

काहीच नाही! एक दाणाही कमी झाला नाही. मला वाटलं माझ्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, “नाही गं, त्या गावाचं काही जात नाही. तसाच नियम आहे.”

म्हणजे नव्या गावाच्या ताटात वाढलं जातं, पण कुणाच्याच ताटातून काढलं जात नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. आयुष्यभर मी वाढते आहे. अचानक दोन पाहुणे आले की पंगत वाढते, पण पातेल्यातली आमटी वाढत नाही. घरातल्या कुणाच्या तरी वाटीत ती कमी पडते, आणि ती वाटी बहुतेक वेळा कुणाची असते हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे आहारदानाचा विचार किती बारकाईनं केला आहे ते आठवा. तत्त्वार्थसूत्रात दानाचा कस चार गोष्टींवरून लावतात: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. कसं दिलं, काय दिलं, कुणी दिलं, कुणाला दिलं. चौक्यात उभं राहून जिनं एकदा तरी आहार दिला आहे तिला यातला एकही शब्द समजावून सांगायला नको. या कसोटीवर गेम लावून बघा. द्रव्य आहे, मोजून मापून आहे. पात्र आहे, ते चांदीचं गाव. विधीही आहे, व्यापाऱ्याला पाठवायचं बटण. दाता मात्र कुठंच नाही. अन्न येतं, पण ते कुणी दिलेलं नसतं.

खऱ्या जगात दाता असतो आणि त्याला झळ बसते. आज गोव्याला जी भाजी जाते ती फार मोठ्या प्रमाणावर बेळगावातून जाते. चोर्ला घाटातून, अनमोडहून, रात्री-पहाटे गाड्या उतरतात. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊननं सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्यात भाजीसाठी किती ओढाताण झाली ते आपण वाचलं, नातेवाइकांकडून फोनवर ऐकलंही. आता याच मार्गाकडे इकडच्या टोकाकडून बघा. गोव्याची चवथ जवळ आली की तिकडं मागणी वाढते, आणि इथं पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या बाईला भाव ऐकून पाव किलोवर भागवावं लागतं. कडोली-सांबऱ्याकडच्या बायका अंधारात उठून मेथीच्या जुड्या बांधतात, पाऊस असो की थंडी. चांगली जुडी गाडीत जाते, पिवळी पडलेली घरी राहते. म्हणून गोव्याला भाजी पाठवू नये असं माझं म्हणणं नाही. पाठवावीच, त्यावर इथल्या शेतकऱ्याचं घर चालतं. पण पाठवणाऱ्या गावाचं काहीच कमी होत नाही हे ज्या पोराच्या मनावर हजारदा ठसतं, तो उद्या अधिकारी झाला, कंपनीचा मॅनेजर झाला, तर कुठल्या तरी नकाशावर बोट ठेवून म्हणेल, इथून तिथं पाणी न्या, धान्य न्या, वीज न्या. आणि इथल्यांचं काय, हा प्रश्न त्याला सुचणारच नाही, कारण त्याच्या खेळात तो आकडा कधी हललाच नव्हता.

दुसरा मुद्दा निपाणीचा आहे.

या गेममध्ये तंबाखू आहे. चहा, कापूस, साखर, मसाले यांच्यासारखी ती चैनीची वस्तू म्हणून मांडली आहे. नकाशावर जिथं तंबाखू असेल तिथं मळा करायचा. मग चार गावांतली माणसं खूश होतात आणि तुम्हाला श्रद्धेचा एक गुणही मिळतो. तंबाखूनं श्रद्धा वाढते हे बघून मला हसू आलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पूजाविधींत तंबाखू होती, त्यावरून घेतलं असावं. पण खटकली ती दुसरीच गोष्ट. त्या घरावर तंबाखू खेळ सुरू व्हायच्या आधीपासूनच असते. डोंगर असतो, नदी असते, तशी. आणि तिथं तुम्हाला धान्याचं शेत करताच येत नाही. कितीही उपाशी असा, ते घर तंबाखूचंच.

आपण निपाणी भागातली माणसं. आपल्याला ठाऊक आहे की तिथल्या मातीवर तंबाखू असं देवानं लिहून ठेवलेलं नव्हतं. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली आणि विडीच्या धंद्यानं निपाणीच्या काळ्या रानात पसरली. त्याच रानात ज्वारी येते. तंबाखू लावायची की ज्वारी, हे ठरवलं भावानं, उचलीनं, व्यापाऱ्याच्या शब्दानं. मग शेतकऱ्याच्या घरी आणि वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या घरी भाकरीचं पीठ विकत येऊ लागलं. नाकातोंडात ती धूळ जाऊन दिवसभर शिंका आणि खोकला, आणि संध्याकाळी मजुरीतून पीठ. ती जमीन अन्नाला गरीब नव्हती हो. ती तशी झाली. गेम म्हणतो, जमीनच अशी आहे. निपाणी म्हणते, कुणीतरी तशी केली.

आणि या कुणीतरीमध्ये आपणही होतो. तंबाखू पिकवणाऱ्यांत आपल्या समाजाचे शेतकरी होते आणि वखारी चालवणाऱ्यांतही आपल्याच समाजाची नावं होती. एकाच मंदिरात दर्शनाला येणारी दोन घरं हिशेबाच्या दोन बाजूंना असायची. १९८१ साली शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या पुढाकारानं शेतकरी तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू रस्त्यावर येऊन बसले. दिवसच्या दिवस रस्ता अडला. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. ही गोष्ट आपल्या घरांत अजून हळू आवाजात सांगतात. गेममध्येही माणसं नाराज होतात, बंडही करतात, हे मान्य. पण ‘आमच्या मळ्याचा भाव काय’ असं तिथं कुणी विचारत नाही. मळ्यातल्या माणसाला तोंडच नाही. चैन मिळते चार गावांना, आणि मळा कुणाचा हे विचारायची सोयच ठेवलेली नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसं उठून जातात, हे या खेळाला माहीत नाही.

उपाशी गावात आकडा तीनावरून दोनावर येतो. तो तिसरा गेला कुठं? मेला? दुसऱ्या गावाला गेला? पडद्यावर त्याचा पत्ता नाही. नवं गाव वसवायला माणसं निघतात ती खेळाडूनं हुकूम दिला तरच, आणि तेव्हा जुन्या गावाचा एक माणूस वजा होतो. इथं मात्र वजाबाकी आठवणीनं केली आहे, हे खास बघा! अन्न दिलं तर काही कमी होत नाही. माणूस दिला तर होतो. आपल्या मनानं, पोटासाठी, कुणी उठून जात नाही.

गोव्याची माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. जहाजांवर खलाशी झाली, साहेबांच्या घरी स्वयंपाकी झाली, वादक झाली. मुंबईत त्यांनी गावागावांच्या नावानं कुड उभे केले, म्हणजे एका गावच्या माणसांनी एकत्र राहायची जागा, आणि तिथून घरी पैसे धाडले. लोखंडाच्या जमिनीवर मागं राहिलेल्या घरांच्या चुली या पैशांनीही पेटत होत्या. आमचा मुलगा बेंगळुरूला गेला, शेजारचा पुण्याला गेला, तेही कुणाच्या बटणानं गेले नाहीत.

आणि आपल्याला तर याहून जुनी गोष्ट ठाऊक आहे. या गेमच्या २०१८ साली आलेल्या वाढीव भागात भारताचा राजा म्हणून चंद्रगुप्त मौर्य घेता येतो. मी उत्सुकतेनं बघायला गेले. चंद्रगुप्ताला तिथं खास देणगी काय दिली आहे? प्रदेश वाढवण्यासाठी युद्ध पुकारायची मुभा, आणि त्या युद्धात जास्त बळ. इतिहासाच्या पुस्तकातला चंद्रगुप्त तसा होताही, खोटं नाही. पण आपण श्रवणबेळगोळला जाऊन चंद्रगिरीच्या पायऱ्या चढतो त्या कुठल्या चंद्रगुप्तासाठी? परंपरा सांगते की बारा वर्षांचा दुष्काळ येणार हे भद्रबाहू स्वामींनी ओळखलं आणि संघाला घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. त्यांच्याबरोबर राज्य सोडून चंद्रगुप्त निघाला, दीक्षा घेतली आणि त्याच टेकडीवर सल्लेखनेनं देह ठेवला. सोन्यानाण्यानं भरलेलं राज्य, पण पुढं अन्न नाही. म्हणून संघ चालत निघाला. चंद्रगिरीवर सुमारे इ.स. ६००चा एक शिलालेख आहे. त्यात भद्रबाहूंचं भाकीत, बारा वर्षांचं संकट आणि संघाचं दक्षिणेकडे प्रस्थान आलं आहे. संघ ज्या प्रदेशात पोचला त्याचं वर्णन करताना लेख शेकडो गावांचा, आनंदी माणसांचा, धनाचा, सोन्याचा, पिकांचा आणि गाईम्हशी-शेळ्यामेंढ्यांचा उल्लेख करतो. मला या वर्णनाचं नवल वाटतं. गेमचा खेळाडू नकाशाकडे बघतो तसंच हे बघणं आहे: सोनं किती, पिकं किती, गुरं किती. पण खेळाडू आभाळातून बघतो, आणि ही यादी दुष्काळातून चालत आलेल्यांची आहे. तिच्यात सोन्याशेजारी पीकही आहे, आणि या दोन्हींच्या आधी माणसं आनंदी आहेत हे नोंदवलेलं आहे.

जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातही संस्कृतीची सुरुवात अशीच होते. कल्पवृक्ष देईनासे झाले, तेव्हा घाबरलेली प्रजा ऋषभदेवांकडे विचारायला आली: आता जगायचं कसं? त्यावर त्यांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं शिकवली. या सहांपैकी बहुतेक सगळी ‘सिव्हिलायझेशन’मध्येही आहेत, शोधांची यादी वाचली तर ओळखीची वाटेल. नाही ती फक्त विचारायला आलेली प्रजा.

मुलाला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “आई, गेम आहे गं तो. प्रत्येक दाण्याचा हिशेब ठेवला तर खेळणार कोण? कंटाळतील लोक.” हे उत्तर मी सहज उडवून लावत नाही. कुठलाही खेळ जग लहान करूनच उभा राहतो. सारीपाटात तरी सगळं कुठं असतं? पण मग त्यानंच मला दुसरा एक गेम दाखवला, २०१९चा ‘अ‍ॅनो १८००’. त्यात बेटं असतात. एका बेटावर लोखंड आहे पण धान्य पिकत नाही, दुसऱ्यावर पिकतं. एका बेटावरचा माल दुसऱ्या बेटावर न्यायचा तर जहाजात भरावा लागतो, आणि जहाजात भरला की पहिल्या बेटाच्या कोठारातून तेवढा कमी होतो. इकडं जास्त दिलं तर तिकडं कमी पडतं, तिकडं वेळेवर पोचलं नाही तर लोक कुरकुर करतात. आणि तरी लाखो पोरं तो खेळतातच की! म्हणजे दात्याचा आकडा हलवला तर खेळ बिघडतो हे काही खरं नाही. ‘सिव्हिलायझेशन’ करणाऱ्यांनी तो हलवायचा नाही असं ठरवलं. आणि लेखकानं काय सांगितलं त्याइतकंच काय वगळलं तेही परीक्षणात बघायचं असतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

मग माझा निकाल काय? हा गेम घरात असू द्यावा. तो सुंदर आहे, त्यातलं संगीत ऐकत राहावंसं वाटतं, आणि ‘इथं खायला काय?’ हा प्रश्न तो इतक्या निकडीनं विचारतो की त्यापुढे पुष्कळ पाठ्यपुस्तकं फिकी पडतात. सोन्याच्या खाणीवर उपाशी बसता येतं, एवढं जरी पोरांना पक्कं कळलं तरी पुष्कळ झालं. पण जमिनीचं दारिद्र्य निसर्गानं दिलेलं असतं, मदत कुणालाच महाग पडत नाही आणि माणसं सांगितल्याशिवाय हलत नाहीत, या तीन गोष्टीही तो गुपचूप शिकवतो, आणि तिन्ही खोट्या आहेत. खोटं उघड असतं तर मुलांनी ते हेरलं असतं. हे आकड्यांत लपलेलं आहे, आणि आकडे तपासायची सवय घरात आपल्यालाच जास्त.

म्हणून माझी विनंती एवढीच. रागावून लॅपटॉप बंद करू नका. शेजारी खुर्ची घेऊन बसा. पोरगं उजाड डोंगरात गाव वसवेल, जुन्या गावातून अन्न मागवेल, तेव्हा विचारा: हे कुणाच्या ताटातलं? तंबाखूचा मळा उठवेल तेव्हा विचारा: इथं ज्वारी का नाही? आकडा तीनाचा दोन होईल तेव्हा विचारा: तो तिसरा कुठं गेला रे? पोरं म्हणतील, “खेळू दे की, मम्मी.” म्हणू देत. आमच्याकडे तरी या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आता आकडा कमी झाला की मी विचारायच्या आत मुलगाच माझ्याकडे बघतो.